आबा हवालदारांच्या दंडावरची गाठ

आबा हवालदारांसमोर ‘कापून टाका’ म्हणायची सोय नव्हती. पलटणीत टोचलेल्या लशीची खूण त्यांच्या दंडावर फुगून राहिली होती. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ती न्हाव्याकडून कापून घेतली आणि वर्षभरात तिथं अंजिराएवढी गाठ उठली. तेव्हापासून वडूजमध्ये कुणाचाही वण जाड झाला, की आबा न बोलावता हजर. "हात लावू नगा! कापला की दुप्पट हून येतंय. आता इंजेक्शन निघालंय त्याच्यावर. पलटणीच्या डॉक्टरनं सांगितलंय मला."

आणि लोक तरी कसले! रोग लागेल म्हणून पंगतीत त्यांच्या शेजारी बसेनात. आबा कडाडायचे, "आरं, जखम भरली तरी कातडं वाढायचं थांबलं न्हाई, एवढंच! ह्यो काय लागट रोग हाय व्हय?" आणि दंड समोरच्याच्या नाकाशी न्यायचे. पंगत आणखीच लांब सरकायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही नंदीचे, माझ्या मुलीचे कान टोचले. उशिराच, आठव्या वर्षी. एका पाळीवर बोराएवढी गाठ आली. शाळेत पोरं चिडवू लागली, तशी ती शाळेला जाईना. आमच्या आईनं कान टोचणाऱ्या सोनारालाच गाठ कापायला बोलावलं. मी मास्तर असून गप्प बसलो, याचा मला आजही संताप येतो. सोनार आला तर दारात आबा आडवे.

"गुरुजी, लाज वाटती का? पोरीचा कान हाय का काकडी?"

सोनार आल्या पावली परत गेला. आईनं आबांशी बोलणं टाकलं.

दुसऱ्याच आठवड्यात आबांनी आम्हाला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याला एक इंजेक्शन, थेट गाठीत. गाठ हळूहळू बसेल; पण पुन्हा उठणारच नाही, अशी खात्री नाही. सुई बघताच नंदीनं कान मुठीत धरला. समजावलं, दटावलं, काही उपयोग नाही.

आबा पुढं झाले. "डॉक्टरसाहेब, आदी मला टोचा."

त्या जुन्या, टणक गाठीत सुई शिरेना. आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तोंडानं चाललेलं, "बघ नंदे, काय बी न्हाई." नंदी टक लावून बघत होती. मग तिनं कानावरचा हात काढला.

परतताना एसटीत ती त्यांच्याच खांद्याला टेकून झोपली. मी जरा तडकूनच विचारलं, "आबा, सगळ्या गावाला इंजेक्शन सांगत फिरता. स्वतः का नाही घेतलंत इतके दिवस?"

आबांनी नंदीचं घसरलेलं डोकं खांद्यावर नीट टेकवलं.

"एकट्याला भ्या वाटायचं, गुरुजी."