सोनीबाईंना सून आहे

खोटं बोलायची वेळ आली तर मी पापणीसुद्धा हलू देणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती. ती खात्री दोन हजार तीन साली एका सोमवारी सकाळी अकराला, आळे गावातल्या आमच्या घरात संपली.

त्याचं असं झालं. मालक वारल्यापासून घरात मी आणि सासूबाई, सोनीबाई, अशा दोघीच. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा फाट्यावरच्या झुंबरलालशेठच्या कापडदुकानातलं काम मी सोडलं. आत्यांना निराधारांचा सरकारी पगार मिळावा म्हणून तालुक्याला अर्ज घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "सून आहे ना सांभाळायला? मग त्या निराधार कशा?"

"सांभाळायचं म्हणूनच काम सोडलंय, भाऊ."

"म्हणजे सांभाळणारं माणूस आहे. अर्ज बसत नाही."

तिथंच ठरवलं, सून नाहीशी करायची. दुसऱ्या अर्जात आत्यांना कुणीच नाही असं लिहिलं. चौकशीला नवे तलाठी आले, तशी मी पुढं झाले. "मी शेजारची धोंडाबाई."

"यांना औषधं कोण देतं?"

"मीच."

"अंघोळ? जेवण?"

"मीच."

"तुम्ही शेजारीण नाही, देवमाणूस आहात," ते म्हणाले आणि तेही लिहून घेऊ लागले.

तेवढ्यात ताकाचा तांब्या घेऊन खरी धोंडाबाई दारात उभी.

"आपण?" तलाठ्यांनी विचारलं.

"मी धोंडाबाई. शेजारची."

त्यांचं पेन थांबलं. मी घाईनं म्हटलं, "आमच्या आळीत धोंडाबाया लई हायेत, भाऊसाहेब."

ते काही बोलणार, तोच आत्यांनी पाणी मागितलं. खाटेशी तलाठीच होते. त्यांनी माणुसकीनं पेला तोंडाला लावला. आत्यांना निजल्या निजल्या पाणी चालत नाही, हे फक्त मला ठाऊक. जोराचा ठसका लागला. श्वास अडकला, ओठ निळे पडले.

"शीले, सासूला धर तुझ्या," धोंडाबाई ओरडली.

मी झेप घेतली. आत्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, पाच. काहीच नाही. मग एकदम पाणी बाहेर आलं आणि त्यांनी श्वास घेतला.

तलाठी भिंतीला टेकून उभे होते, हातात रिकामा पेला. आत्या तुटक तुटक म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही माझी सून हाय. मला कुणी न्हाई असं कागदावर लिवू नका."

"मग पगार बसणार नाही, आजी."

"मी नसते," मी म्हटलं, "तर आज पगार घ्यायला त्या उरल्या असत्या का?"

त्यांनी खोटा अर्ज फाडून माझ्या हातात दिला. माझं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहून वर पाठवलं.

पगार मिळाला नाहीच. पण चार महिन्यांनी तालुक्याच्या कचेरीतून पत्र आलं. घरच्या आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांच्या अडचणी ऐकायला जुन्नरला सभा; समक्ष हजर राहावं. धोंडाबाईला आत्यांजवळ बसवून मी गेले. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. आलेली मी एकटी.

सभा घेणारे साहेब घड्याळ बघून म्हणाले, "बाकीच्या का आल्या नाहीत?"

"आजारी माणसाजवळ दुसरं कोण बसणार, साहेब?"

त्यांनी ते लिहून घेतलं आणि सभा संपल्याचं सांगितलं. चहाचे चाळीस कप मात्र आले. त्यातले दोन मी प्याले.