बटणच्या पट्ट्याची ट्रायल

"मास्तर, तुमच्या कुत्र्याने माझी डावी चप्पल पळवली," दारात उभ्या राहून सोसायटीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "परवा वरच्या आजोबांचा बूट नेला, काल डॉक्टरीणबाईंची सँडल. आता पुरे झालं!"

मास्तरांनी शिलाई मशीनखाली डोकावून पाहिलं. आजोबांचा बूट, डॉक्टरीणबाईंची सँडल आणि सेक्रेटरीबाईंची चप्पल तिथे अगदी ओळीने मांडलेली होती. बटण शेजारी बसून शेपटी हलवत होता. दुसऱ्या पायातलं कोणाचंच आणायचं नाही, एवढं पथ्य तो पाळत असे.

"चुकलंच हो त्याचं. लेकरू आहे," मास्तर पुटपुटले.

"लेकरू? मागच्या पायांवर उभं राहिलं तर तुमच्या खांद्याला लागेल! संध्याकाळी मी ऑफिसातून येईन, तेव्हा मला हा पट्ट्यात बांधलेला दिसला पाहिजे. कुत्रा एका टोकाला, मालक दुसऱ्या टोकाला. नाहीतर उद्या सकाळी प्राण्यांच्या आश्रमाची गाडी येईल. मी बोलून ठेवलंय."

आणि चप्पल परत घ्यायलाही न थांबता, घरातल्याच सपाता घालून त्या ताडताड ऑफिसला निघून गेल्या.

मास्तर मशीनसमोर जाऊन बसले. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून हे मशीन घरात आलं होतं, आणि त्याच्याजवळ दिवसभर बसून मास्तरांचं बोलणं ऐकणारं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. ते म्हणजे बटण. बायकोही ऐकायची, पण ती उलट बोलायची.

"अहो, एवढं काय तोंड पाडून बसलात? कोपऱ्यावरच्या दुकानात पट्टे टांगलेत. जाऊन एक घेऊन या."

"रेडिमेड?" मास्तर म्हणाले.

बायकोने जीभ चावली. ज्या रेडिमेडने दुकान खाल्लं, ते आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, असं मास्तरांनी ठरवलं होतं. घरातले अभ्रे, पिशव्या, एवढंच काय, फ्रिजच्या दांड्याचं कापडी टोपरंसुद्धा त्यांच्या हातचं होतं.

"मी आयुष्यभर पँटी शिवल्या," मास्तर म्हणाले. "एकाचीही बसताना उसवली नाही. मला कुत्र्याचा पट्टा जमणार नाही? माळ्यावर तुझी जुनी कातडी बॅग आहे ना, ती काढ."

"ती माझ्या आईने दिलेली!"

"मग घरचीच झाली. बक्कलसुद्धा त्यातच मिळेल."

बायकोने देवाचं नाव घेतलं आणि स्टूल आणलं. बॅगेपेक्षा बटण महत्त्वाचा, हे तिलाही कळत होतं. रोज सकाळी पहिली पोळी ती त्यालाच घालायची, आणि मास्तरांना ते माहीत नाही असं समजायची.

माप घ्यायलाच घाम फुटला. मास्तरांनी गळ्यात टेप अडकवला, कानावर खडू ठेवला आणि सवयीने म्हणाले, "सरळ उभे राहा साहेब. मान वर. श्वास सोडा."

"तो जीभ सोडतोय," बायको म्हणाली.

बटणने आधी टेप चाटला, मग खडू खाल्ला, आणि तिसऱ्या खेपेला टेपचं टोक तोंडात धरून पलंगाखाली गेला. शेवटी बायकोने बिस्किट दाखवलं. ते चघळण्यात तो गुंग असताना मास्तरांनी झटकन माप उरकलं, आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर माझ्याच कॉलरचं माप!"

"बघितलं? मी म्हणत होते, तुम्ही जाड झालात म्हणून."

"अगं तसं नाही, सोय झाली. हा काही ट्रायलला उभा राहणार नाही. ट्रायल माझ्यावरच घेऊ."

इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच होतं. मास्तरांचं पुढचं प्रत्येक पाऊलही शहाणपणाचंच होतं. तीच तर पंचाईत झाली.

कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कापायचं नाही, म्हणजे नंतर आटत नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी चामडं बादलीत बुडवलं. भिजून ते मऊ झालं, सुरीखाली छान कापलं गेलं. मशीनच्या सुया मात्र पटापट मोडल्या. मग दाभण घेऊन ते हाताने शिवायला बसले. गळ्याचा पट्टा आणि हातात धरायची दोरी यांच्यामध्ये कडी लागते, पण कडी बाजारातून आणायची म्हणजे पुन्हा रेडिमेडच. म्हणून त्यांनी दोरी थेट पट्ट्यालाच शिवून टाकली. पँटीच्या आसनाला घालतात तसली दुहेरी शिवण, वर मेण. दोरीच्या टोकाला मूठही केली, आत अस्तर लावून.

"कुत्र्याला अस्तर कशाला?"

"ते तुझ्या हाताला. बोचू नये म्हणून."

बायकोने चहा टाकला.

दुपार कलली तेव्हा पट्टा तयार होता. बटण पलंगाखाली घोरत होता. मास्तर आरशासमोर उभे राहिले, पट्टा गळ्याभोवती घेतला आणि बक्कल लावलं. अगदी बेतशीर बसला. फक्त चामडं अजून ओलं होतं.

"काढून उन्हात ठेवा," बायको म्हणाली.

"काढलं तर आकार धरणार नाही. सूट कसा, अंगावर बसवावा लागतो." त्यांनी कपाटातून मुलीने माहेरी विसरलेला हेअर ड्रायर काढला, तो बायकोच्या हातात दिला आणि मान ताठ केली. "हं. सुरू कर."

गरम वारा लागला तसं चामडं वाळलं. वाळता वाळता आटलंही. कापड एकदाच आटतं, चामडं मनात येईल तेव्हा आटतं, हे मास्तरांना कोणी सांगितलं नव्हतं.

"बस, बस! बंद कर." मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "आता काढ."

बायकोने बक्कल ओढलं. भोक आवळून काट्यावर घट्ट बसलं होतं. तिने तेल लावलं, साबण लावला. मास्तरांची मान चकचकीत झाली, पण बक्कल काही हललं नाही.

"गुदमरताय का हो?"

"नाही. पण खाली बघता येत नाहीये."

"थांबा, कात्री आणते."

"खबरदार!" मास्तरांनी दोन्ही हातांनी पट्टा झाकला. "दुसरं चामडं आहे का घरात? ती बाई तासाभरात येईल. हा कापला, तर उद्या बटण गाडीत!"

बायको क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. गळ्यात पट्टा, पोटावर लोंबणारी दोरी, आणि डोळ्यांत पाणी. ते साबणाचं होतं की बटणचं, ते तिने विचारलं नाही.

"चौकात तो चपला शिवणारा बसतो, त्याच्याकडे पक्कड असते," ती म्हणाली. "न कापता काढून देईल. चला, शाल पांघरा."

शालीखाली दोरी गुंडाळली, पण मूठ काही केल्या बाहेर यायची. शेवटी बायकोने ती हातात धरली. "फिरायला" निघाल्याची चाहूल लागताच बटण पलंगाखालून बाहेर आला आणि दोघांच्या आधी दारात जाऊन उभा राहिला.

बायकोने कुलूप लावण्यासाठी मूठ सोडली, तेवढ्यात बटणने ती तोंडात धरली.

"बटण, सोड! अहो, त्याला सांगा!"

"सोडा साहेब," मास्तर म्हणाले, आणि पहिली पायरी उतरले. न उतरून सांगतात कोणाला? बटण निघाला होता.

एरवी बटण जिना उतरायचा तो एका दमात, वाटेत दिसेल तो जोडा उचलत. आज तो एकेक पायरी उतरत होता. मास्तर मागे राहिले की थांबत होता. डॉक्टरीणबाईंच्या दारात नवी कोरी सँडल होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि नाइलाज असल्यासारखा पुढे गेला. तोंडात मूठ होती. जबाबदारी होती.

फाटकाशी पोचले आणि समोरून सेक्रेटरीबाई आल्या. पायांत सपाता, हातात डबा. त्या जागच्या जागी थांबल्या. पुढे बटण, मधे दोरी, मागे मास्तर. त्यांच्याही मागे धापा टाकत बायको.

"हे... काय आहे?"

मास्तरांनी जमेल तेवढी मान ताठ केली. तशी ती ताठच होती. "तुम्हीच म्हणालात ना, कुत्रा एका टोकाला आणि मालक दुसऱ्या टोकाला."

"हो, पण टोकं..."

"टोकांचं तुम्ही काही सांगितलं नव्हतं," बायको घाईघाईने म्हणाली.

सेक्रेटरीबाई पुढे आल्या. त्यांनी दोरी ओढून पाहिली. मास्तर एक पाऊल पुढे गेले, शिवण जागची हलली नाही. मग त्यांनी बटणसमोर आपला उजवा पाय पुढे करून सपात हलवून दाखवली. बटणने पाहिलं, कान टवकारले, तोंडाला सुटलेली लाळ गिळली. पण मूठ सोडली नाही. उलट तो मागे सरून मास्तरांच्या पायाला टेकून उभा राहिला.

सेक्रेटरीबाईंचे ओठ एकदा थरथरले. ते रागाने नसावं, कारण त्यांनी पदर तोंडावर धरला.

"आश्रमाला मी कळवते, गाडी नको म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "कुत्रा शहाणा आहे, वहिनी. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

मग त्यांनी मास्तरांकडे, गळ्यातल्या बक्कलाकडे आणि साबणाने चकाकणाऱ्या मानेकडे नीट पाहून घेतलं.

"ह्यांना मात्र मोकळं सोडत जाऊ नका."

मास्तर रीतसर उत्तर देणार होते. चांगलं सुचलंही होतं. पण बटणला चौक दिसला होता.