घमेल्यात गेलेला कान

लोखंडी सामान विकणाऱ्या माणसानेच डोक्यात लोहचुंबक बसवून घ्यावं, याला काय म्हणावं? पण इलाज नव्हता. दुकानदारांचे दोन्ही कान पार कामातून गेले होते. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण मोठा आवाजसुद्धा त्यांच्या कानात शिरून हरवायचा. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून आत इम्प्लांट बसवलं. बाहेर राहिलं फक्त बटणासारखं गोल यंत्र. ते कानामागे चुंबकाने चिकटायचं आणि आवाज पकडून आत पाठवायचं. बटण लावलं की आवाज सुरू, काढलं की सगळं चिडीचूप.

खरा आनंद झाला होता तो बायकोला. इतकी वर्षं नवऱ्याशी बोलायचं म्हणजे तोंडासमोर उभं राहून, ओठ दाखवत, बोंब मारायची. त्यामुळे या जोडप्याचं खाजगी असं काही उरलंच नव्हतं. एकदा ती म्हणाली, फार घोरता हो, तर समोरचा औषधवाला नाकात घालायचे थेंब घेऊन दारात हजर. तिला नवऱ्याला एक गोष्ट विचारायची होती, पण हळूच, एकट्याला. अख्ख्या गल्लीचं मत तिला नको होतं. बटण सुरू करून दवाखान्यातून परत येतानाच तिने ठरवलं, आज दुपारीच विचारायचं.

दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून तिने स्टूल ओढलं, घसा साफ केला आणि नेमका गवंडी आला. त्याला घमेलं हवं होतं. दुकानदार खालच्या फळीत डोकं घालून घमेली उचकू लागले. गवंडी घमेलं डोक्यावर ठेवून गेला. बायकोने पुन्हा घसा साफ केला आणि बघते तर काय, नवऱ्याच्या कानामागे बटणच नाही.

"अहो, तुमचा कान कुठे गेला?"

दुकानदारांनी हसून मान डोलावली. जे ऐकू येत नाही त्याला मान डोलवायची, ही त्यांची जन्माची सवय. बायकोने हाताने खूण केली तेव्हा कुठे त्यांनी चाचपून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बटण कुठल्या तरी लोखंडाला चिकटलं होतं, आणि दुकानात लोखंडाशिवाय दुसरं काही नव्हतं.

बायकोने हाक मारायचा अवकाश, गल्ली गोळा झाली. औषधवाला गोळ्या विकत असल्यामुळे वैद्यकातला शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, बटण म्हणजेच कान, ते जिथे चिकटलंय तिथे जाऊन बोला, यांना ऐकू येईल. डोक्यापासून सुटलेलं बटण दगडाइतकंच बहिरं असतं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

मग जो तो भांड्यात तोंड घालून बोलायला लागला. कोणी बादलीला विचारलं, ऐकू येतंय का. कोणी पाइपात तोंड घालून तब्येतीची चौकशी केली. बोलून झालं की प्रत्येकजण दुकानदारांकडे बघायचा आणि दुकानदार मान डोलवायचे. झालं, कान बादलीत आहे की पाइपात, यावरून दोघांची जुंपली. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तर झारीला आपल्या सुनेची कर्मकहाणी पहिल्यापासून सांगितली. इतक्या शांतपणे त्यांचं आजवर कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

बायकोने कपाळावर हात मारला. गवंडी आठवला तिला. पुढे ती आणि मागे वरात, असे सगळे बांधकामावर पोचले. गवंडी भरलं घमेलं घेऊन शिडी चढत होता आणि सकाळपासून नव्हतं ते आता डोक्याला काय टोचतंय म्हणून करवादत होता. त्याला खाली उतरवलं. घमेल्याच्या बुडाला बटण चिकटलेलं होतं.

बायकोने ते पुसून नवऱ्याच्या कानामागे लावलं, सगळ्यांना लांब हाकललं आणि कानाशी लागून, अगदी हळू, जे विचारायचं ते विचारलं.

दुकानदारांना ऐकू आला तो निव्वळ चिवचिवाट. इम्प्लांटचं असंच असतं. सुरुवातीला माणसं डब्यात कोंडलेल्या चिमण्यांसारखी बोलतात, मेंदूला त्यातून शब्द ओळखायची सवय व्हायला महिने लागतात. त्यात कानाशी बोलणाऱ्या बायकोचे ओठही दिसेनात. पण ती किती आशेने वाकली होती, ते त्यांना दिसत होतं. काही कळलं नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"हो," ते म्हणाले. तिचे डोळे भरून आले.

गल्लीचा जीव टांगणीला लागला. पण खरी पंचाईत दुकानदारांची. आजवर त्यांना बायकोचं जे ऐकू यायचं नाही, ते ते औषधवाल्याला विचारायचे. संध्याकाळी ते त्याच्याकडे गेले, तर त्यानेच यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, वहिनी काय म्हणाल्या?

दुसऱ्या दिवशी पेंटर शटरवर रंगवत होता : दर सोमवारी दुकान बंद. दुकान निघाल्यापासून एक दिवस बंद नव्हतं. दुकानदार तडक घरात गेले.

"अगं, खरं सांगतो, काल मला एक अक्षर कळलं नाही."

बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माहीत होतं मला. दवाखान्यातल्या बाईंनी मलाही सांगितलं होतं, इतक्यात कळायचं नाही म्हणून. कळलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"पण सोमवारभर करायचं काय?"

"तुम्ही माझ्यासमोर बसायचं आणि मी बोलणार. सराव नको का व्हायला? इतक्या वर्षांचं साठलंय माझ्याकडे."

दुकानदारांना गहिवरून आलं. या वेळी त्यांनी समजून मान डोलावली. फक्त हे सगळं ती जुन्या सवयीने ओरडूनच बोलली होती. त्या सोमवारी गल्लीतलं एकही दुकान उघडलं नाही. सगळे ऐकायला बसले होते.