पहिला नंबर कुणाचा

मोहनरावांनी पिंपळीत पिठाची गिरणी काढली, तेव्हा त्यांना इंजिनाचं सगळं कळत होतं आणि पिठाचं काहीच कळत नव्हतं. साखर कारखान्यात ते सहा वर्षं फिटर होते. ती नोकरी सोडून, घरची बैलजोडी विकून त्यांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं. त्यांची बायको मुक्ताबाई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

सल्ला मात्र त्यांनी घेतला होता. बारामतीचे गिरणीवाले आबाजी म्हणाले होते, "एकच ध्यानात ठेवा. पहिल्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक परत लावायचं न्हाय." याहून जास्त सांगायचं आबाजींना कारण नव्हतं. पिंपळीच्या बायका तोवर त्यांच्याकडंच दळण नेत होत्या.

नारळ फुटला आणि रंगूबाई पुढं आल्या. त्यांच्या पाटीत वाळलेल्या मिरच्या होत्या.

"ह्या दळून मिळतील का वो? उखळात कांडून हात भरून येत्यात."

"मिळतील की!" मोहनराव म्हणाले.

इंजिन धडधडलं. पूजेला आलेले भटजी शिंकत शिंकत दक्षिणा न घेताच निघून गेले. मोहनरावांच्या डोळ्यांना धार लागली. मागं उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, माणसाला भरून आलंय.

रंगूबाईंच्या मागं वीस जणींची रांग होती. मोहनरावांनी दगडांवर फडकं मारलं आणि ज्वारी दळायला घेतली.

दुपारी गावानं भाकरी खाल्ली. सगळ्यांत आधी शेजारचा झुंबर पळत आला.

"मोहनराव, तोंडात जाळ झालाय!"

"कालवण तिखट असंल."

"कालवण अजून वाढलंच न्हाय!"

त्याच्या मागोमाग गेणबा. "आमच्या म्हातारीनं दुधात भाकरी कुस्करली. आता दूध तिखट लागतंय!"

संध्याकाळपर्यंत वीसही पाट्या परत आल्या. मोहनरावांनी घरची कणगी मोकळी करून सगळ्यांना ज्वारी भरून दिली. तिखट पीठ त्यांच्याच घरी राहिलं. मुक्ताबाई पुन्हा बोलायची थांबली. बोलायची इच्छा होती, पण जीभ पोळलेली होती.

मग मोहनरावांनी दारावर खडूनं लिहिलं : 'मिरच्या फक्त शनिवारी.' शनिवारी मिरच्यांना ही गर्दी झाली! त्यांना वाटलं, धंदा लागला मार्गाला.

रविवारी गिरणीपुढं बारा बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. मोहनरावांनी इंजिन सुरू केलं.

"या, कुणाचा नंबर?"

कुणी उठेना.

"आदी प्रयागबाईंचं होऊ द्या," एक जण म्हणाली.

"छे गं, आक्काबाई थोरल्या हायेत. त्यांचा मान."

"मला बाई कसली घाई? भाकरी सांजच्याला टाकायच्या हायेत," आक्काबाई म्हणाल्या आणि पाटी मागं सरकवून बसल्या.

मिरचीनंतरचं पहिलं दळण कुणालाच नको होतं. स्वतःचं दळून दगड साफ करावेत, तर मोहनरावांच्या कणगीत दाणा उरला नव्हता. इंजिन नुसतंच तेल पीत होतं. कारखान्यातली जागा अजून भरली नसेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात कुशाबाई लगबगीनं आल्या आणि सगळ्यांना ओलांडून पाटी पुढं केली.

"माझं आदी घ्या."

बायका चपापल्या. मोहनरावांना खोटं बोलवेना. "कुशाबाई, काल शनिवार व्हता. ठावं हाय न्हवं?"

"म्हणूनच आले. आमच्या ह्यांचे मामेभाऊ सुप्याहून येऊन बारा दिस झाले. उठायचं नाव न्हाय. दळा."

"आन् घरधनी? त्येबी तीच भाकर खाणार की!"

"त्यांनीच बोलावलं व्हतं," कुशाबाई म्हणाल्या.

मोहनरावांनी दळलं. सोमवारी सकाळच्या एसटीनं पाव्हणे सुप्याला गेले.

पुढल्या रविवारी मोहनराव गिरणी उघडायला आले, तर दारात पहिल्या नंबरावरून प्रयागबाईंची आणि आक्काबाईंची जुंपली होती.