विझेपर्यंत हलायचं नाही

सिनेमातल्या म्हाताऱ्याची मरायला काही हरकत नव्हती, पण सुरक्षा अधिकारी अनुपने त्याला वरकुटे गावच्या उन्हात मरू द्यायला साफ नकार दिला. तिरडीवर बांधलेल्या नटाला उष्माघात झाला तर जबाबदार कोण? मग मुंबईहून मागवलेला रबरी पुतळा तिरडीवर चढला. अनुप मूळचा जळोचीचा. जिवाला जपणं हेच त्याचं काम होतं आणि ते तो इतक्या निष्ठेनं करायचा, की सेटवरची माणसं त्याची नजर चुकवून शिंकायची.

आता पुतळा बघून बायकांना रडू येईना. गावातल्या दहा-बारा जणी रडायला बसवल्या होत्या. मालनबाईंनी मयताचा गाल दाबून पाहिला आणि तोंडाला पदर लावला. त्या हसताहेत म्हटल्यावर बाकीच्याही खुसखुसू लागल्या. डोळ्यांत घालायचं ग्लिसरीन अनुपने सकाळीच कुलपात टाकलं होतं, कारण त्याने डोळ्यांची आग होते.

"म्हणजे मेलेला खोटा, आणि रडणं तेवढं खरं?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"रडण्याला माझी हरकत नाही, सर," अनुप म्हणाला.

सगळ्यांच्या मागे कौसल्याबाई बसल्या होत्या. मन रमेल म्हणून सून माधवी त्यांना ओढून घेऊन आली होती. त्यांचे मालक मानसिंग गेल्या साली अचानक गेले, तेव्हा कौसल्याबाई बारामतीच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन होऊन पडल्या होत्या. धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी सांगितलंच नाही. "मामंजी कारखान्यावर गेल्यात," असं माधवी रोज सांगायची. खरं कळलं तोवर दिवसकार्यही उरकलं होतं. तोंड बघायचं राहिलं आणि रडायचंही राहिलं. वर्ष झालं, बाई बोलायच्या, जेवायच्या, शेळीला पाला घालायच्या, पण डोळ्यांतून टिपूस नाही. गाव नावं ठेवायचं ते वेगळंच.

हसत नव्हत्या त्या एकट्याच, म्हणून दिग्दर्शकाने शेवटी त्यांनाच पुढं बसवलं. कौसल्याबाईंनी पुतळ्याकडं पाहिलं. डोईचा फेटा सरळ करावा म्हणून हात पुढं केला आणि तो बंडीच्या खिशापाशीच थांबला. खिसा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. पांढरा दोरा संपला म्हणून त्यांनीच शिवला होता, आणि त्यावरून मानसिंगांनी दोन दिवस कुरकुर केली होती.

माधवी लगबगीनं पुढं आली. सासूच्या नजरेला पडू नयेत म्हणून सासऱ्यांचे कपडे तिने माळ्यावर दडवले होते. सिनेमाच्या कपडेवाल्याला पुतळ्यासाठी वापरलेले कपडे हवे होते, म्हणून तिने गुपचूप गाठोडं देऊन टाकलं होतं.

"आत्या, तुमाला तरास नगं म्हणून..."

"जपलंस गं बाई. लई जपलंस," कौसल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी हेल काढला. "अवं, मला न सांगता कुठं निघाला वं! दवाखान्यात येतो म्हणाला व्हता की! मी दाराकडं बघत पडले व्हते वं!"

मालनबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यांना त्यांचा गेलेला भाऊ आठवला. मग ज्या त्या बाईला आपापलं माणूस आठवलं. दिग्दर्शक हरखला. ठरल्याप्रमाणे चौघांनी तिरडी उचलली. पुढचा खांदा कौसल्याबाईंच्या मुलाचा, रणजितचा होता. एवढ्यात कौसल्याबाईंचा रक्तदाब मोजायला यंत्र घेऊन अनुप धावत आला, ते थेट कॅमेऱ्यासमोर.

"कट! तिरडी दारात न्या, पुन्हा घेऊ."

रणजित हलला नाही. "उचललेली माघारी नेत न्हाईत, सायेब."

"अहो, रबर आहे ते!"

"असू दे की. आईनं रडून धाडलंय."

दिग्दर्शकाने हात जोडले, आवाज चढवला, पण तिरडी ओढ्याकडेच निघाली. तिथे पुढच्या दृश्यासाठी चिता रचून ठेवलेली होती. बायकाही मागोमाग आल्या. एरवी आल्या नसत्या, पण सिनेमाच्या स्मशानात काय चालतं नि काय नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चितेपाशी अनुप आडवा आला.

"रबर जाळता येणार नाही. धूर विषारी असतो."

माघारी न्यायचं नाही आणि जाळायचंही नाही. खांदेकरी एकमेकांची तोंडं बघू लागले. कौसल्याबाईंनी तिरडी खाली ठेवायला लावली, बंडीची बटणं एकेक करून काढली आणि घडी घालून ती उराशी धरली.

"ही सुती हाय, लेकरा. ही चालंल का?"

अनुपने नियम आठवून पाहिले. "चालेल, आजी."

त्याने वाळूची बादली जवळ ठेवली, आग विझवायचं नळकांडं हातात घेतलं आणि मान हलवली. रणजितने बंडी लाकडांवर ठेवून अग्नी दिला. तो खूप रडला. माधवी सासूच्या पायाशी बसून रडली, आणि कौसल्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ऊन उतरलं, दिग्दर्शकाने कंटाळून सामान आवरायला सांगितलं. "त्या बापड्याला सावलीत ठेवा," उघड्या पुतळ्याकडं बघत कौसल्याबाई म्हणाल्या. मंडळी पांगली. अनुपने नळकांड्याची नळी निखाऱ्यांकडे वळवली.

"इझवू नगंस," कौसल्याबाई म्हणाल्या. "पुरतं जळू दे. मागल्या बारीला मी नव्हते."

अनुपने नळी खाली केली.

"मग मलाही थांबावं लागेल, आजी. आग विझेपर्यंत हलायचं नाही, असा नियम आहे."

कौसल्याबाईंनी डोळे पुसले आणि त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"चांगला नियम हाय," त्या म्हणाल्या आणि दुखरा पाय लांब करून त्याच्याशेजारी बसल्या. राख गार होईपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.