दिगंबरभाऊंचा पेशंट

आमच्या शेजारचे दिगंबरभाऊ रोज सकाळी होडीला थर्मामीटर लावतात. घाटंजीत होडी कशाला, हे मला विचारू नका. चालवायची म्हटली तर जीपवर बांधून धरणापर्यंत न्यावी लागेल.

भाऊ दवाखान्यात कंपाउंडर होते. ते रिटायर झाले, मग मंदावहिनी गेल्या, आणि त्यांनी मोबाईलवर बघून ही अरुंद, एका माणसाची होडी करायला घेतली. तिचं खरं नाव कयाक. भाऊ मात्र तिला पेशंट म्हणतात. घरातलं सागवानी कपाट चिरून त्यांनी पट्ट्या काढल्या आणि जोडल्या. आता वरून काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड अंथरायचं आणि त्याला इपॉक्सी नावाचं चिकट औषध पाजायचं. पोटभर प्यालं की कापड दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड लख्ख दिसतं. म्हणजे, दिसायला पाहिजे.

दोन बाटल्यांतलं औषध भाऊ सिरिंजने मोजून घेतात. "डोस चुकला का पेशंट गेला!" एकदा उन्हाळ्यात त्यांनी वाटीभर एकदम कालवलं, तर वाटीतूनच धूर निघाला. होडीच्या खालच्या बाजूला कापड लावलं, तेव्हा सगळीकडे बुडबुडे आले. साय धरल्यासारखं पांढुरकं झालं.

"ऑइलपेंट मारून टाका ना भाऊ, कायले डोकं खपवून राह्यले?" आमचे हे म्हणाले.

"खालचं पाण्यात जाते, चालते. वरतून लाकूड दिसलंच पायजे."

कापड आता वरच्या बाजूपुरतंच उरलं होतं.

मी हे सगळं भिंतीआडून बघायची. भाऊंशी कधी बोलले नव्हते. पण एक कळलं होतं. ते सकाळच्या गारव्यात कामाला लागत, आणि ऊन चढलं की बुडबुडे येत. चुलीत ओलं लाकूड घातलं की टोकातून फेस येतो, तसंच हे. लाकडातली हवा तापून बाहेर येत असणार. पंधरा दिवस मनात ठेवलं. एका सकाळी भाऊंनी शेवटचं कापड घडीतून काढलं आणि माझ्या तोंडून गेलंच, "भाऊ, दिवस उतरल्यावर लावा. लाकूड थंड होत गेलं तर औषध आत ओढेल."

भाऊंनी कापडाची पुन्हा घडी केली. "म्हंजे ताप उतरताना! काहून नाही सांगतलं वहिनी आधी?"

संध्याकाळी कापड धरायला त्यांनी मलाच बोलावलं. बसायच्या जागेपुढच्या पट्टीवर लाल ठिपके दिसले. घासायचं राहिलं असेल म्हणून मी नख लावलं.

"हात नोका लावू!"

मी दचकले. भाऊ मग हळू म्हणाले, "तिच्या टिकल्या हायेत. आंघोळीले जाताना कपाटाले चिकटवे, अन् विसरून जाये. नऊ होत्या. गोंद वाळून तीन पडल्या."

कापड अंथरलं तशा उरलेल्या सहाही झाकल्या गेल्या. भाऊंचा हात थांबला. मी वाटी पुढे केली. त्यांनी औषध ओतलं, रबराच्या पट्टीने हळूहळू पसरवलं. कापड भिजत गेलं. एक टिकली दिसली, मग तिच्या बाजूची, मग सगळ्या. बुडबुडा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं वाळून काचेसारखं कडक झालं. भाऊ टिकल्यांच्या पट्टीवरून बोट फिरवत होते.

"वहिनी, आता नाही ना पडत?"

"नाही भाऊ."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.