अर्धा गिलास

रशीदचाचांना पाणी दिलं, की ते अर्धा गिलास पितात आणि उरलेलं आमच्या अंगणात ओततात. मग काठीवर हनुवटी टेकवून ते जिरताना बघत बसतात. पाणी दिसेनासं झालं की तंद्रीतच म्हणतात, "चाल्लं."

"कुठं चाल्लं, चाचा?"

"खाली. काळी माटी हाये बेटी, घोटघोट पेते अन् हळूहळू सोडते. पण पोचते."

फुलसावंगीत ते आमच्या शेजारी राहतात. मागच्या गल्लीतल्या बायका मात्र रुसून, कारण तिथं चाचा सगळं पाणी पिऊनच उठतात, अंगणात थेंबही ओतत नाहीत! एकीनं मुद्दाम ओतायला सांगितलं, तर म्हणाले, "तुह्या अंगणाचा उतार तिकडं हाये. भलत्याच गावाले जाईन ते." आता बोला!

चाची गेल्यापासून चाचा एकटेच. शेत बटईनं दिलंय, गुडघे कुरकुरतात, पण मातीचा नाद सुटत नाही. उन्हाळ्यात भेगा पडल्या, की वाकून भेगेत डोकावतात. काय दिसतं, विचारलं तर म्हणाले, "झोपली हाये. हळू बोल." मीही बावळटासारखी कुजबुजायला लागले.

यंदा आम्ही अंगणात सिमेंट करायचं ठरवलं. गल्लीत उघडी माती आमच्याच दारात उरली होती. रेती पडलेली पाहून चाचांचा चेहरा उतरला.

"बुजवून राह्यली?"

"चिखल होते ना चाचा! पुसून पुसून कंबर गेली माझी."

मला वाटलं, आता भांडतील. पण त्यांनी पाणी मागितलं. अर्धं पाणी प्यायले आणि गिलास हातातच धरून राहिले.

"वावरात आम्ही एकच गिलास नेत होतो. अर्धा माहा, अर्धा तिचा." त्यांनी काठीनं खाली, नाल्याकाठच्या कब्रस्तानाकडं दाखवलं. "हा उतार आता उतरता येत नाई मले. तिच्या कबरीवर पाणी टाकाले कोण हाये? म्हणून इथून पाठवतो."

इतक्या लांब अर्धा गिलास पोचेल का, हे विचारायची माझी तर छाती झाली नाही.

मिस्त्रीला सांगून पायरीजवळ परातीएवढी माती उघडी ठेवली. "बाई, डिझाइन बिघडते," तो म्हणाला. म्हटलं, बिघडू दे.

काल चाचा आले, अर्धं प्यायले, अर्धं तिथं ओतलं. बघता बघता काठीवरच त्यांचा डोळा लागला. पाणी जिरेपर्यंत मीच बसून राहिले.

"चाल्लं, चाचा," मी म्हणाले. अगदी हळू.